एंटेरोअ‍ॅग्रिगेटिव्ह ई. कोलाय

माणसाच्या आतड्याच्या अस्तराला थरांनी चिकटून रेंगाळणारा अतिसार घडवणारा, एश्चेरिशिया कोलाय या जीवाणूचा एक गट. संक्षेपाने ईएईसी. ई. कोलायचे बहुतेक वाण मोठ्या आतड्यात कोणाला त्रास न देता राहतात. जुलाब घडवणारे गट मोजके असून ते ओळखले जातात एक तर विषावरून, नाहीतर चिकटण्याच्या पद्धतीवरून. ईएईसीच्या बाबतीत विषाचा भरवसा धरता येत नाही. एका वाणाकडे ते असते, दुसऱ्याकडे नसते. चिकटण्याची रीत मात्र ठरलेली असते.

ही रीत पाहण्याची कसोटी साधी आहे. काचेवर वाढवलेल्या हेप-२ या मानवी पेशींवर जीवाणू सोडायचे, सुमारे तीन तास थांबायचे, सुटे जीवाणू धुऊन टाकायचे आणि गिम्सा रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. द्रवात मॅनोज ही साखर आधीच घातलेली असते, म्हणजे जवळजवळ सगळ्याच ई. कोलायकडे असणारे सामान्य तंतू निकामी होतात आणि खास चिकटणे तेवढे उरते. (या पेशी स्वरयंत्राच्या कर्करोगातून मिळाल्याचे पूर्वी मानले जाई. पुढे त्या हेला, म्हणजे प्रयोगशाळांत वाढवल्या जाणाऱ्या दुसऱ्या एका कर्करोगाच्या, पेशींनीच दूषित झालेल्या असल्याचे आढळले, पण कसोटीला त्याने काही बाधा येत नाही.) चिली देशातील मुलांच्या शौचातून मिळालेले जीवाणू असे तपासताना जेम्स नाटारो आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये तीन आकृतिबंध वेगळे केले: एके ठिकाणी घोळका करणारे, पेशीवर सर्वत्र विखुरणारे आणि एकमेकांना चिकटून विटांसारखे रचले जाणारे. या शेवटच्या रचनेवरून हा गट ठरला. विटांची ही रचना पेशींवर दिसते, तशी पेशींच्या मधल्या मोकळ्या काचेवरही दिसते. जीवाणूंना पेशीइतकीच एकमेकांचीही ओढ असल्याची ही खूण आहे.

चिकटण्याचे काम करतात फिंब्रिया, म्हणजे पृष्ठभागावरचे बारीक प्रथिनतंतू. त्यांची जनुके जीवाणूच्या मुख्य गुणसूत्रावर नसून पीएए नावाच्या प्लाझ्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या छोट्या डीएनए-कड्यावर, असतात. तंतूंचे पाच प्रकार ज्ञात आहेत, आणि एका वाणाकडे सहसा त्यांपैकी एकच असतो. आतड्याच्या पेशींभोवतीच्या फायब्रोनेक्टिनसारख्या प्रथिनांना ते धरतात. मात्र इथे एक अडचण असते. तंतूंवर धन विद्युतभार, तर जीवाणूच्या बाह्य आवरणावर ऋण. असे असताना तंतूंनी बाहेर पसरण्याऐवजी स्वतःच्याच आवरणाला चिकटून बसायला हवे. ही अडचण डिस्पर्सिन हे छोटे प्रथिन सोडवते. ते बाहेर स्रवून आवरणावर पसरते, ऋणभार झाकते आणि तंतू मोकळे होतात. डिस्पर्सिनचे जनुक काढून टाकलेल्या जीवाणूंचे तंतू खरोखरच आवरणावर कोसळलेले दिसतात आणि जीवाणूंच्या गुठळ्या होतात. म्हणजे चिकटण्याइतकेच सुटून पुढे सरकणेही या जीवाणूला लागते. तंतू आणि डिस्पर्सिन ही दोन्ही कामे अ‍ॅगआर या एकाच नियंत्रक प्रथिनाच्या हुकमतीखाली चालतात. रोगकारक वाण हुडकताना आज पीसीआर या जनुकीय चाचणीत बहुधा याच प्रथिनाचे जनुक शोधले जाते.

पहिला थर बसला की त्यावर पुढचे चढतात. आतड्यातला श्लेष्मा या थरात मिसळतो आणि जीवाणूंसकट एक जाड, चिकट पटल तयार होते. हीच बायोफिल्म. काही वाण पिक नावाचे विकरही सोडतात. ते श्लेष्मा फोडते आणि त्याच वेळी आतड्याला तो अधिक स्रवायलाही लावते. रुग्णाच्या पातळ जुलाबात आव का दिसते, याचा उलगडा बराचसा इथे होतो. पटलाच्या खोल भागातले जीवाणू संथ वाढतात, त्यामुळे प्रतिजैविकांचा मारा त्यांना पुरता लागत नाही. प्रयोगशाळेत ही क्षमता मोजायला प्लॅस्टिकच्या खाचांच्या पट्टीत जीवाणू रात्रभर वाढवतात, द्रव ओतून टाकतात आणि क्रिस्टल व्हायोलेट घालतात. धुतल्यावरही खाचेच्या तळाशी जितका जांभळा रंग टिकेल, तितकी बायोफिल्म दाट.

सगळेच वाण सारखे घातक नाहीत. स्वयंसेवकांना चार वाण पाजून केलेल्या, १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ०४२ या वाणाने पाचपैकी तिघांना जुलाब झाले, तर इतर वाणांनी तसा त्रास दिला नाही. ०४२ मूळचा पेरूतील लिमा शहरातल्या एका मुलाकडून मिळालेला.

भारतात या जीवाणूचे महत्त्व लवकर लक्षात आले. महाराजकिशन भान (रोटाव्हॅक या रोटाव्हायरसविरोधी लशीच्या कामामुळे पुढे अधिक परिचित) आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ग्रामीण मुलांमधील दीर्घ अतिसाराशी, म्हणजे चौदा दिवस किंवा अधिक टिकणाऱ्या जुलाबांशी, त्याचा संबंध दाखवला. जुलाब नसलेल्या मुलांच्या शौचातही तो बऱ्याचदा सापडतो, म्हणून त्याला दुय्यम मानण्याचा मोह होतो. तो टाळावा. वेल्लोरसह आठ देशांतील ठिकाणी मुलांचा पाठपुरावा करणाऱ्या माल-ईडी अभ्यासात, जुलाब नसतानाही ईएईसीचा संसर्ग आतड्यातील दाह आणि खुंटलेली वाढ यांच्याशी निगडित आढळला.

चिकटण्याला जबर विषाची जोड मिळाली तर काय होते, ते २०११ च्या मे-जूनमध्ये उत्तर जर्मनीत दिसले. ओ१०४:एच४ हा मुळात ईएईसी वाण. त्यात एका जीवाणुभक्षी विषाणूमार्फत शिगा विषाचे जनुक शिरले होते. ३,८०० हून अधिक माणसे आजारी पडली, त्यांतील ८०० हून अधिकांना मूत्रपिंडे निकामी करणारा हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम झाला आणि पन्नासहून अधिक दगावली. रुग्णांत प्रौढ स्त्रिया जास्त होत्या. आधी स्पेनच्या काकड्यांवर आळ आला आणि तिथल्या शेतकऱ्यांचे हकनाक नुकसान झाले. माग शेवटी लागला तो इजिप्तमधून आलेल्या मेथीदाण्यांच्या मोडांपर्यंत. आपल्याकडे मटकीला मोड आणून उसळ शिजवतात. तिकडे हे मोड सॅलडमध्ये कच्चेच घातले जात होते. मोड आणण्याची ऊब आणि ओल जीवाणूंनाही मानवते.

उपचार इतर अतिसारासारखेच: ओआरएस, मुलांना १० ते १४ दिवस झिंक, आणि आहार चालू ठेवणे. जुलाब लांबले तर डॉक्टर अ‍ॅझिथ्रोमायसिनसारखे औषध देतात. शिगा विषाची शंका असल्यास मात्र सहसा टाळतात. नेहमीच्या शौच-तपासणीत हा जीवाणू ओळखू येत नाही. तिथे वाढलेला ई. कोलाय घातक आहे की निरुपद्रवी, हे जनुकीय चाचणीनेच कळते आणि ती बहुतेक ठिकाणी केली जात नाही.