डेटाची पाइपलाइन : घड्याळावर की दुतोंड्या मारुतीवर?

गोदावरीला पूर येऊ लागला की नाशिककर घड्याळाकडे पाहत नाहीत, दुतोंड्या मारुतीकडे पाहतात. पाणी मूर्तीच्या गुडघ्याला लागले की कमरेला, यावरून काठावरचे लोक पुराचा अंदाज बांधतात. क्लाउडवरची डेटा पाइपलाइन केव्हा सुरू करावी, हा प्रश्नही असाच आहे : ठरलेल्या वेळी, की काही घडले म्हणून?

डेटा पाइपलाइन म्हणजे ठिकठिकाणची माहिती गोळा करून, तपासून एका जागी मांडणारी कामांची साखळी. समजा, लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत येथील कांद्याची रोजची आवक आणि दर एका तक्त्यात आणायचे आहेत. सर्वांत सरळ उपाय वेळापत्रकाचा. युनिक्स या संगणकप्रणालीच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तीतही ‘क्रॉन’ हा कार्यक्रम होता. मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार अशा पाच रकान्यांत वेळ लिहायची, की काम आपोआप सुरू होते. आजच्या क्लाउड सेवांनीही ही मांडणी थोड्याफार फरकाने उचलली आहे.

यातला पहिला खड्डा यूटीसीचा, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचा. अनेक सेवा, वेगळे सांगितले नाही तर, याच वेळेने चालतात आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे आहोत. मंगळवारी रात्री १ वाजता, म्हणजे सोमवार नुकताच सरल्यावर, सोमवारचे आकडे आणण्यासाठी पाइपलाइनची फेरी लावली, तर यूटीसीत तेव्हा सोमवारचे १९:३० वाजलेले असतात. ‘कालची तारीख’ मागणारा प्रोग्रॅम मग निमूटपणे रविवारचे आकडे आणतो. कुठेही त्रुटीचा संदेश दिसत नाही, म्हणूनच ही चूक वाईट. तारीख प्रोग्रॅमला ओळखायला न लावता प्रत्येक फेरीला बाहेरून स्पष्टपणे द्यावी, हे बरे.

दुसरी अडचण अशी की लिलाव लांबला तरी घड्याळ थांबत नाही. फाइल आलेली नसतानाही फेरी होते आणि तक्ता रिकामा राहतो. म्हणून फाइल साठवणीत पोहोचताच सूचना निघावी आणि त्या सूचनेवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने एपीआयद्वारे (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला काम सांगण्याच्या ठरलेल्या मार्गाने) पाइपलाइन सुरू करावी, अशी रचना केली जाते. असे छोटे प्रोग्रॅम सूचनेवर चालवणारी अॅमेझॉनची लॅम्ब्डा सेवा २०१४ साली आली, तेव्हापासून हे फारच सोपे झाले. एपीआयला तारीख द्यायची, उत्तरात फेरीचा क्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकावरून काम संपले की फसले, हे प्रोग्रॅमच विचारत राहतो.

मात्र अॅमेझॉनच्या एसथ्री साठवणीची सूचना ‘किमान एकदा’ पोहोचेल इतकेच अपेक्षित असते. कधी ती दोनदाही येते. प्रत्येक फेरी तक्त्यात ओळी नुसत्या वाढवत गेली, तर लासलगावची आवक रातोरात दुप्पट दिसेल. (भाव पाडायला याहून स्वस्त युक्ती सापडणार नाही.) म्हणून त्या तारखेच्या जुन्या ओळी काढून नव्या लिहाव्यात, म्हणजे तीच फेरी दहा वेळा झाली तरी निकाल एकच राहतो. माझ्या मते वेळापत्रक की सूचना, या वादापेक्षा ही शिस्त अधिक महत्त्वाची आहे. ती नसेल तर दोन्ही मार्ग सारखेच धोक्याचे.

शिवाय फाइल आलीच नाही, तर सूचनाही येत नाही आणि त्या शांततेची दखल कोणी घेत नाही. त्यामुळे मी सूचनेसोबत घड्याळही ठेवतो : रात्री ९ वाजता फक्त एक तपासणी, आजची फेरी झाली का, एवढ्यापुरती.

जुन्या ओळी काढून नव्या लिहिण्याची शिस्त मागची दुरुस्ती करतानाही उपयोगी पडते. एअरबीएनबी कंपनीत २०१४ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे अपाचे संस्थेकडे गेलेल्या एअरफ्लोसारख्या साधनात कामांचा क्रम पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहितात. दर काढण्याच्या सूत्रात चूक सापडली, तर गेल्या ३० दिवसांच्या तारखा एकेक करून देत त्याच फेऱ्या पुन्हा चालवता येतात. फक्त त्या साऱ्या एकदम सोडू नयेत. एका वेळी तीन-चारच चालतील अशी मर्यादा घालावी, नाहीतर जुन्या फेऱ्यांच्या गर्दीत आजचीच फेरी रांगेत अडकते.