‘बहुतेक’ म्हणजे नक्की किती?

सोलापुरातल्या एखाद्या तंत्रनिकेतनातला शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट ग्रुप डोळ्यांसमोर आणा. एकाच्या घरी तेलुगू, दुसरीच्या घरी कन्नड, बाकीच्यांच्या मराठी. विषय गावचाच: उभा धागा तुटला की यंत्रमाग आपोआप थांबला पाहिजे. त्यासाठी प्रत्येक उभ्या धाग्यावर एक पातळ पोलादी पट्टी, म्हणजे ड्रॉपर, लटकवतात. धागा तुटला की ती खाली पडते, सर्किट पूर्ण होतं, माग थांबतो.

सुरुवातीला पोरं ‘ती धाग्यावर लोंबणारी, भोकाची पट्टी’ असं लांबण लावतात. थोड्याच दिवसांत ‘टिकली पडली’ एवढं पुरतं.

हर्बर्ट क्लार्क आणि डियाना विल्क्स-गिब्ज या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये हेच मोजून दाखवलं. एकाने टॅनग्रामच्या, म्हणजे त्रिकोण-चौकोनी तुकडे जुळवून केलेल्या, विचित्र आकृत्यांचं वर्णन करायचं, पलीकडच्याने ते नुसतं ऐकून त्या क्रमाने लावायच्या. पहिल्या फेरीत एका आकृतीला सरासरी ४१ शब्द लागले, सहाव्या फेरीत ८. हे आखूड नाव कुणी एकटा ठरवत नाही. पलीकडचा ‘हं’ म्हणतो, ‘म्हणजे तो बसलेला का?’ विचारतो, त्यातूनच ते पक्कं होतं.

मग एकमेकांसारखं बोललं की काम फत्ते? तसं नाही, आणि मला खरी गंमत इथेच वाटते. रिकार्डो फुसारोली हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये डेन्मार्कमधल्या जोड्यांचं बोलणं तपासलं. क्षणभर दिसलेल्या दोन दृश्यांपैकी वेगळी खूण कशात होती, हे सांगायचं. मतं जुळली नाहीत तर बोलून एक उत्तर द्यायचं. सरसकट एकमेकांचे शब्द उचलणाऱ्या जोड्या मागे पडल्या. आपल्याला किती खात्री आहे, हे सांगायची भाषा ज्यांची जुळली, त्या सरस ठरल्या.

आपल्या ग्रुपकडे या नजरेने बघा. ‘बहुतेक सेन्सरच गेलाय’ असं एक जण म्हणतो. त्याच्या लेखी हा नुसता अंदाज. ऐकणारी मात्र निकाल लागला असं धरून नवा सेन्सर आणते. शेवटी सोल्डरिंग सुटलेलं निघतं. ‘सेन्सर’ म्हणजे काय, यावर दोघांचं पहिल्यापासून एकमत होतं. ‘बहुतेक’वर कधीच नव्हतं. आणि ‘बहुतेक म्हणजे किती रे?’ असं मध्येच विचारणाऱ्या पोरीला आपल्याकडे किरकिरी म्हणतात.