रणगाड्याच्या पोटात कुणाला किती जागा?

पहिला रणगाडा लढाईत उतरला तो १५ सप्टेंबर १९१६ रोजी, फ्रान्समधल्या सोमच्या आघाडीवर. ब्रिटिशांच्या त्या 'मार्क १'मध्ये आठ माणसं कोंबलेली असत आणि त्यांच्या मधोमध, कसलाही आडपडदा नसलेलं १०५ अश्वशक्तीचं डेमलर इंजिन धडधडत असे. आतला उष्मा ५० अंशांच्या घरात जाई. धूर आणि कार्बन मोनॉक्साइडमुळे माणसं भोवळ येऊन पडत. २८ टनांचं ते धूड वळवायला चौघं लागत: चालक, ब्रेक सांभाळणारा कमांडर आणि मागे दोन बाजूंच्या पट्ट्यांचे गिअर बदलणारे दोघं. त्या गदारोळात हाक ऐकू येणं शक्यच नव्हतं. चालक इंजिनाच्या झाकणावर ठोकून मागच्यांचं लक्ष वेधी आणि हातवारे करून गिअर सांगे. त्या दिवसासाठी ४९ रणगाडे नेमले होते. हल्ल्याच्या जागेपर्यंत पोहोचले जेमतेम ३२.

रणगाड्याचा विषय निघाला की बोलणं चिलखताची जाडी आणि तोफेचा व्यास यांच्यावर येऊन ठेपतं. आकड्यांची तुलना सोपी असते, म्हणून असेल. पण शंभर वर्षांत या वाहनाचा आराखडा वारंवार अडला तो दुसऱ्याच प्रश्नापाशी: आत माणसं किती घ्यायची, कुठे बसवायची आणि एकेकाच्या गळ्यात किती कामं घालायची? जागा वाढवली की तिच्याभोवती पोलाद जास्त लागतं. पोलाद वाढलं की इंजिन मोठं लागतं, आणि मोठ्या इंजिनाला पुन्हा जागा हवीच.

आजचा रणगाडा ओळखू येईल अशी मांडणी फ्रेंचांनी १९१७ साली आणली. रेनो एफटी हा सात टनांच्या आतबाहेरचा चिमुकला गडी. पुढे चालक, मध्ये सगळीकडे फिरणारा, हत्यार बसवलेला बुरूज, मागे इंजिन, आणि इंजिनाला माणसांपासून वेगळं करणारी भिंत. ही मांडणी इतकी चपखल बसली की पुढची बहुतेक सगळी पिढी तिच्यावरच उभी राहिली. पण बुरुजात एकच माणूस होता. शत्रू शोधायचा त्यानं, हत्यारात दारूगोळा भरायचा त्यानं, नेम धरायचा त्यानं, आणि चालकाला 'डावीकडे घे' म्हणून लाथेनं खूण करायची तीही त्यानंच.

१९१७ मध्ये हे खपून गेलं. १९४० पर्यंत फ्रेंचांनी तोच एकट्याचा बुरूज कायम ठेवला, तिथे घात झाला. त्यांच्या शार बी१ बिस या रणगाड्याचं पुढचं चिलखत ६० मि.मी. जाड होतं आणि जर्मनांच्या ३७ मि.मी. तोफांचे गोळे त्याच्यावरून अक्षरशः घरंगळत. पण बुरुजातला कमांडर गोळा भरत असताना बाहेर काय चाललं आहे हे बघणार कोण? जर्मनांच्या पँझर ३ मध्ये बुरुजात तिघं होते, कमांडर, तोफेवरचा आणि गोळे भरणारा, आणि खाली चालकाच्या शेजारी रेडिओवाला. कमांडरला हाताचं कामच नव्हतं. त्यानं फक्त बघायचं आणि सांगायचं. १९४० च्या फ्रान्सवरच्या मोहिमेत पातळ चिलखताचे रणगाडे जाड चिलखतावर भारी पडले, त्यामागे हे एक मोठं कारण होतं.

सोव्हिएत टी-३४ बद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की त्याच्या खोडांकडे सहसा लक्ष जात नाही. मिखाईल कोश्किन यांच्या हाताखाली खार्किवमध्ये तो आकाराला आला. ४५ मि.मी.चा पत्रा ६० अंश तिरका ठेवला की समोरून येणाऱ्या गोळ्याला ९० मि.मी. पोलाद कापावं लागतं. युक्ती अव्वल, यात वाद नाही. पण तिरक्या भिंतींनी आतली जागा खाल्ली. अमेरिकी अभियंता जे. वॉल्टर क्रिस्टी यांच्या पद्धतीच्या उभ्या स्प्रिंगा दोन्ही बाजूंनी आत आल्या, त्यांनी आणखी खाल्ली. उरलेल्या जागेत बुरुजात दोघंच मावले आणि कमांडरला तोफेच्या दुर्बिणीला डोळा लावून बसावं लागलं. ही चूक निस्तरायला ८५ मि.मी. तोफेचा आणि तिघांच्या बुरुजाचा टी-३४ यावा लागला, तो १९४४ च्या सुरुवातीला. पाठोपाठ टी-४४ मध्ये रचनाकार अलेक्झांडर मोरोझोव्ह यांनी इंजिन आडवं बसवलं. कागदावर ही बारीकशी उलथापालथ. पण तिनं लांबी वाचली, बुरूज मागे सरकला आणि वाचलेलं वजन पुढच्या चिलखताच्या कामी आलं.

त्याच युद्धात एक गैरसमज फिटला. अमेरिकी शेर्मन गोळा लागताच पेट घेई आणि दोष पेट्रोलला दिला जाई. तपासाअंती कळलं की आधी पेटतो तो आत रचलेला दारूगोळा. १९४४ पासून गोळे वरच्या बाजूच्या कप्प्यांमधून काढून तळाशी, द्रव भरलेल्या आवरणात ठेवले आणि पेटण्याचं प्रमाण पुष्कळ खाली आलं. माणसाच्या मांडीला मांडी लावून दारूगोळा ठेवायचा का, हा प्रश्न तेव्हापासून आजवर सुटलेला नाही.

पायदळाला चिलखताच्या आत घ्यायची कल्पना मात्र आडवळणानं आली. ऑगस्ट १९४४ मध्ये नॉर्मंडीत कॅनडाच्या सैन्यानं 'प्रीस्ट' या स्वयंचलित तोफगाड्यांवरच्या तोफा काढल्या, भोकं पत्र्यानं बुजवली आणि रिकाम्या पेटीत सैनिक बसवले. काही दिवसांत सत्तरहून अधिक गाड्या तयार झाल्या. त्यांना 'कांगारू' म्हणत.

याचं पुढचं रूप म्हणजे पायदळाला घेऊन लढणारं सोव्हिएत चिलखती वाहन बीएमपी-१, जगाला १९६७ च्या मॉस्कोतल्या संचलनात दिसलेलं. अणुयुद्ध झाल्यावर दूषित मुलखातून न उतरता लढत जाता यावं म्हणून सैनिकांसाठी बाजूच्या भिंतींत बंदुकीची छिद्रं आणि हवा गाळणारी यंत्रणा होती, शिवाय ७३ मि.मी. तोफ आणि क्षेपणास्त्र. उंची दोन मीटरच्या आसपास. आठ सैनिक पाठीला पाठ लावून बसत. त्यांच्या मध्ये इंधनाची टाकी, आणि बाहेर पडायच्या दारांतही इंधन! अफगाणिस्तानात सुरुंगांच्या भीतीनं सैनिक आत बसायचे सोडून टपावर बसू लागले. आराखड्यावर याहून बोलका अभिप्राय सापडणं कठीण.

दरम्यान जाड पोलादावरचा विश्वासच डळमळला होता. शंकूसारखी पोकळी ठेवलेलं स्फोटक फुटलं की तांब्याच्या अस्तराचा सेकंदाला आठ-नऊ किलोमीटर वेगाचा झोत तयार होतो आणि खांद्यावरून डागलेलं हलकं हत्यारही वीतभर पोलाद भेदतं. त्यामुळे १९६० च्या दशकातल्या जर्मन लेपर्ड १ आणि फ्रेंच एएमएक्स-३० च्या रचनाकारांनी चिलखत पातळ ठेवून वेगावर भर दिला. उत्तर सापडलं ते पोलादाबाहेर. ब्रिटनमधल्या चॉबम इथे सिरॅमिकचे थर घालून केलेलं चिलखत विकसित झालं आणि १९७६ मध्ये ते जाहीर झालं. त्याला जाडी लागते, म्हणून गोलसर बुरूज जाऊन अमेरिकी एम१ एब्रॅम्ससारखे चौकोनी, सपाट तोंडाचे बुरूज आले. इस्रायलनं १९८२ मध्ये लेबनॉनमध्ये वापरलेल्या, स्वतःच फुटून झोत विस्कटणाऱ्या स्फोटक विटाही याच दुखण्यावरचं औषध.

सोव्हिएत वाट वेगळी होती. मोरोझोव्ह यांनी टी-६४ मध्ये चिलखत मिश्र केलं आणि गोळे भरणाऱ्या माणसालाच रजा दिली. त्याच्या जागी यंत्र आलं, आतली जागा आक्रसली आणि ४० टनांच्या आसपास वजनात १२५ मि.मी.ची तोफ मावली. टी-७२ मध्ये २२ गोळ्यांची फिरती चकती बुरुजाच्या थेट खाली असते आणि उरलेले गोळे जागा मिळेल तिथे रचलेले. कमांडर आणि तोफेवरचा या सगळ्याच्या वर बसतात. दारूच्या नळकांड्यांचं आवरणही जळणारं. ठिणगी तिथवर पोहोचली की बुरूज झाकणासारखा उडतो. १९९१ मध्ये इराकमध्ये हे दिसलं, १९९५ च्या सुरुवातीला चेचन्यातल्या ग्रोझ्नीत दिसलं, २०२२ पासून युक्रेनमध्ये तर रोजचंच झालं.

एब्रॅम्सनं चौथा माणूस ठेवला आणि बहुतेक गोळे बुरुजाच्या पाठीमागे सरकत्या पोलादी दाराआड. त्या कप्प्याचं छत मुद्दाम कमजोर आहे, म्हणजे भडका वर जावा, आत येऊ नये. जर्मन लेपर्ड २ मध्ये हे अर्धवटच झालं: १५ गोळे मागे, २७ चालकाच्या शेजारी. सीरियात अल-बाबजवळ तुर्कस्ताननं असे लेपर्ड गमावले, तेव्हा त्यातल्या काहींचे बुरूज निखळलेले दिसले.

इस्रायलचे जनरल इस्राएल ताल यांनी तर रेनोची मांडणीच उलटी केली. ब्रिटननं चीफटन रणगाडे विकायला नकार दिल्यावर हाती घेतलेल्या मर्कावा या रणगाड्यात इंजिन पुढे आलं, माणसांच्या संरक्षणाची आणखी एक भिंत म्हणून, आणि मागे दार मिळालं. ब्रिटिशांचा माणसाचा विचार वेगळ्याच अंगानं चालला होता: सेंच्युरियन या रणगाड्यापासून त्यांच्या सगळ्या रणगाड्यांत पाणी उकळायचं भांडंच बसवलेलं असतं. हसू येतं, पण चहासाठी बाहेर उतरणारा सैनिक मारला जाऊ शकतो.

या सगळ्याची किंमत वजनात मोजली गेली. १९८० साली ५४ टनांचा असलेला एब्रॅम्स आज ६६ टनांच्या पुढे गेला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकी लष्करानं त्याची ठरलेली पुढची सुधारणा थांबवली आणि हलक्या आवृत्तीची वाट धरली. इकडे ड्रोन वरून येतात आणि छत हा रणगाड्याचा सगळ्यात पातळ भाग, कारण आजवरचं सगळं पोलाद पुढच्या बाजूला खर्च झालेलं. म्हणून बुरुजावर जाळ्या चढल्या. येणारं क्षेपणास्त्र हवेतच उडवणारी यंत्रणाही आली. इस्रायलच्या 'ट्रॉफी'नं २०११ मध्ये प्रत्यक्ष लढाईत ते करून दाखवलं.

रशियानं ९ मे २०१५ च्या संचलनात दाखवलेल्या टी-१४ अर्माटाच्या बुरुजात माणूसच नाही. तिघंही पुढे, एका चिलखती कोठडीत शेजारी शेजारी. दारूगोळा भिंतीपलीकडे. जागेचा हिशोब असा प्रथमच बऱ्यापैकी जुळला. मात्र १९६७ आणि १९७३ च्या युद्धांत इस्रायली कमांडर जिवावर उदार होऊन झाकणाबाहेर डोकं काढून उभे राहत, कारण उघड्या डोळ्यांइतकं काहीच दिसत नाही. अर्माटाच्या कमांडरला बुरुजाच्या माथ्यावर तशी जागाच उरलेली नाही. तो पडद्याकडे बघतो, आणि बाहेरच्या कॅमेऱ्याची काच चिखलानं माखली तर ती पुसायला कुणाला तरी उतरावंच लागेल.