बडोदा संस्थानातल्या पणजोबांचा माग : अर्ज कुठे करायचा, सोबत काय न्यायचं

पणजोबा दिवाण नव्हते की सरदार नव्हते. गायकवाडी राज्यात कुठेतरी कारकून, मास्तर नाहीतर शिलेदार होते, एवढंच घरात सगळ्यांना ठाऊक. अशा साध्या माणसाचे कागद कुठले सापडायला, असं म्हणून पुष्कळ जण प्रयत्नच सोडून देतात. वास्तविक पगार घेणारा, जमीन कसणारा, मुलांना शाळेत घालणारा प्रत्येक जण दप्तरात कुठे ना कुठे असतोच. आपण मात्र आडनाव घेऊन जातो, आणि जुनं दप्तर लावलेलं असतं खातं, महाल (म्हणजे तालुका) आणि साल यांवर. ही तीन उत्तरं जवळ नसतील तर अर्जाचा उपयोग होत नाही.

ती बहुधा घरातच मिळतात. पेन्शनचा कागद, बदलीचा हुकूम, भाडेचिठ्ठी, जन्मपत्रिका, लग्नपत्रिका, सगळं एकदा बाहेर काढा. श्राद्धाची तिथी कामाची असते: महिना आणि तिथी पक्की कळते, मग सालाचा अंदाज असला की मृत्यूच्या रजिस्टरची चार-पाच वर्षंच, तीही त्या महिन्यापुरती, चाळावी लागतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडची नामावळ सरकारी पुरावा नसली तरी पिढ्यांची साखळी जुळवायला तिच्यासारखं दुसरं काही नाही.

सालाचा हिशेब आधी

शके असेल तर इसवी सन काढायला ७८ मिळवा. १ जानेवारीपासून फाल्गुनाअखेरपर्यंतच्या तारखेला ७९. गुजरातेतला संवत दिवाळीनंतर, कार्तिकात बदलतो. म्हणून संवत १९६३ म्हणजे १९०६ च्या दिवाळीपासून १९०७ च्या दिवाळीपर्यंतचा काळ. जुन्या मोडी कागदावर सुहूर सन असतो, तोही अरबी शब्दांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. हा सन मृगाला सुरू होतो. त्यात डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून ६०० मिळवायचे. ११६१ म्हणजे १७६०-६१, पानिपतचं साल. इथे एका वर्षाची चूक झाली की भलताच रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) सोडून बसावं लागतं.

जन्म-मृत्यूचा उतारा

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या कलम १७ प्रमाणे रजिस्टरमधली नोंद शोधून द्या असं कोणीही मागू शकतं. वारस असण्याची अट नाही. मृत्यूच्या उताऱ्यात मृत्यूचं कारण मात्र देत नाहीत. शहरातली नोंद महानगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात, गावची तलाटी-कम-मंत्र्याकडे, म्हणजे ग्रामपंचायतीचा सचिव असलेल्या तलाठ्याकडे. अर्जात नाव, बापाचं नाव, ठिकाण आणि सालांचा पट्टा लिहा. काही मिळालं नाही तर नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला मागून घ्या. पुढे दुसऱ्या कचेरीत तो मागतात.

शाळा : इथे वेळ घालवा

माझ्या मते सर्वात जास्त माहिती इथे मिळते. सयाजीराव महाराजांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेलीत सुरू केलं आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात लागू केलं. सक्ती मुलींनाही होती. त्यामुळे पणजोबांपेक्षा पणजीच लवकर सापडते असं पुष्कळदा होतं. फक्त तिचं माहेरचं नाव हवं. आपल्याकडे लग्नात आडनावाबरोबर नावही बदलायचे. ‘रमाबाई’ म्हणून शोधत राहिलात आणि रजिस्टरला ‘गोदू’ असली की संपलं. आत्या-मावश्यांना आधी विचारा.

जनरल रजिस्टरच्या एका ओळीत मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल झाल्याची आणि शाळा सोडल्याची तारीख येते. ‘आधीची शाळा’ हा रकाना बघायला विसरू नका. बापाची बदली कुठून कुठे झाली ते तिथे कळतं. अर्ज मुख्याध्यापकांकडे द्यायचा. शहरातली शाळा बंद झाली किंवा दुसरीत मिसळली असेल तर नगर प्राथमिक शिक्षण समितीकडे चौकशी करा. तुमचं ओळखपत्र आणि त्या व्यक्तीशी नातं दाखवणारा कागद सोबत असू द्या.

घर, जमीन, दस्त

गावच्या जमिनीचे जुने स्कॅन केलेले सातबारा आणि नमुना ६ च्या फेरफार नोंदी गुजरात सरकारच्या एनीआरओआर (AnyROR) या जमीन-नोंदींच्या पोर्टलवर बघता येतात. त्यातली वारसाईची नोंद शोधा: कोण गेलं, मागे कोण राहिलं, सगळं एका जागी मिळतं. मुलींची नावं जुन्या नोंदींत गाळलेली असू शकतात, तेव्हा तिथल्या यादीलाच पूर्ण वंशावळ समजू नका. शहरातल्या घरासाठी सिटी सर्व्हे कचेरीतून प्रॉपर्टी कार्ड. नोंदलेल्या खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकाकडे कोणालाही मिळते, आणि नोंदलेल्या मृत्युपत्राची, करणारा हयात नसेल तर, तशीच.

संस्थानाचं दप्तर

संस्थान १ मे १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं. त्याचं जुनं दप्तर गुजरात राज्य अभिलेखागाराच्या बडोद्यातल्या दक्षिण वर्तुळ कार्यालयात आहे. कार्यालय प्रमुखांच्या नावे साधा अर्ज लिहा. हेतू म्हणून ‘कौटुंबिक इतिहास’ स्पष्ट घाला. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि घरच्या कागदांच्या झेरॉक्स जवळ ठेवा. मागणी अशी हवी : ‘शिक्षण खातं, अमुक महाल, १९०५ ते १९१५, नेमणूक व बदलीचे कागद.’ नकला मिळतील का, फोटो काढता येतील का, हे पहिल्याच दिवशी विचारा. कागद मोडीत असतील तर वाचणारा माणूस बरोबर न्या. तिथल्या कर्मचाऱ्यांनी वाचून दाखवावं ही अपेक्षा बरोबर नाही.

जनगणनेच्या मागे लागू नका. अहवालात आकडे असतात, नावं नसतात. घरोघरच्या नोंदी १९४८ च्या कायद्याच्या कलम १५ ने बंद आहेत.

दाद लागली नाही तर

माहिती अधिकाराचा अर्ज कोणताही भारतीय नागरिक करू शकतो, कारण सांगावं लागत नाही. गुजरातेत फी २० रुपये, नकलेला पानामागे २ रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस. चुकीच्या कचेरीत गेलेला अर्ज त्यांनीच पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. वीस वर्षांहून जुन्या माहितीला कलम ८(३) मुळे बहुतेक अपवाद लागू होत नाहीत; अर्जात ते कलम लिहाच. ‘पणजोबांची सर्व माहिती द्यावी’ अशी मागणी मात्र करू नका, ती टिकत नाही. रजिस्टर, साल आणि शक्य तर पान सांगून नक्कल मागा. नकार आला किंवा मुदत उलटली तर त्यानंतर ३० दिवसांत त्याच कचेरीतल्या वरिष्ठांकडे पहिलं अपील करता येतं.