रडार चालू की बंद? वादामागची पार्श्वभूमी

ठाण्यात काय किंवा वाशी-नेरूळकडे काय, गेमिंग झोनमध्ये समोरासमोर फुटबॉल खेळायला बसलं की टीम निवडण्याआधी हमखास वाजतं ते यावरून: रडार, म्हणजे सगळे खेळाडू ठिपक्यांनी दाखवणारा पडद्यावरचा छोटा नकाशा, ठेवायचं की काढायचं?

ही ठिपक्यांची पट्टी मुळात फुटबॉलची नव्हेच. १९८० च्या ‘रॅली-एक्स’ या गेममधल्या गाड्या आणि १९८१ च्या ‘डिफेंडर’मधली शत्रूची यानं पडद्याबाहेर कुठे आहेत, ते अशाच छोट्या नकाशावर कळायचं. मैदानाचा तुकडाच दिसतो, ही फुटबॉलचीही अडचण होती. १९८९ च्या ‘किक ऑफ’ या फुटबॉल गेमने त्यावर हाच उपाय केला.

आपल्याकडे रडारची खरी सवय लागली ती प्लेस्टेशन टूच्या जमान्यात. टीव्ही चौकोनी, जाडजूड, आणि त्यात पिवळ्या पिनेच्या केबलमुळे रंग फुटलेले. ‘विनिंग इलेव्हन’ या फुटबॉल गेममध्ये पडद्याच्या तळाशी अर्धपारदर्शक रडार असायचं. दोन्ही टीमच्या जर्सी जवळपास सारख्या असल्या की ठिपके एकमेकांत मिसळायचे आणि बॉल भलत्याच्याच पायात जायचा. पण कॅमेरा जवळ असल्याने पलीकडचा विंगर दिसायचाच नाही, म्हणून त्याचा एकटा ठिपका हेरून गोल बटणाने लांब पास मारणारा पोरगा त्या पार्लरमध्ये उस्ताद ठरायचा. त्याची नजर बॉल पायात असताना रडारवर जात नसे. गोलकीपरच्या हातात बॉल आहे, थ्रो-इन आहे, पास हवेत आहे, तेवढ्याच वेळात तो खाली बघून घ्यायचा. बघायचा तीही ठिपक्यांमधली मोकळी जागा. ऑफसाइडसाठी मात्र रडारवर विसंबण्यात अर्थ नव्हता, एक ठिपकाच मैदानावरची दोन-तीन पावलं झाकतो.

पुढे रुंद एचडी टीव्ही आले. कॅमेऱ्याची उंची आणि झूम हवा तसा ठेवता येऊ लागला, एका नजरेत बरंच मैदान मावू लागलं आणि ‘रडार कशाला?’ हा प्रश्न तिथून निघाला. ऑनलाइन मॅचमध्ये ज्याची त्याची स्क्रीन, ज्याची त्याची सेटिंग्ज, त्यामुळे तिथे तंट्याचं कारणच नाही. एका टीव्हीवर दोघं बसले की कॅमेरा एकच आणि रडारही एकच. कॅमेरा लांब आणि रडार बंद की कॅमेरा जवळ आणि रडार चालू, हे दोघांना मिळून ठरवावं लागतं. भांडण रडारवरून दिसत असलं तरी निम्मं ते कॅमेऱ्याचं असतं, हे फारसं कुणी बोलत नाही.

बंदवाल्यांचा ठरलेला मुद्दा: टीव्हीवरच्या खऱ्या मॅचमध्ये कुठे असतं रडार? नसतं, पण टीव्ही बघणारा खेळत नसतो. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे सामने नेरूळच्या स्टेडियममध्ये झाले. वरच्या स्टँडमधून अख्खं मैदान दिसतं, आणि खाली मिडफिल्डर बॉल येण्याआधी मान वळवून मागे बघून घेतो. गेममध्ये मान वळवायची सोय नाही, ती उणीव रडार भरून काढतं. बंदवाल्यांचा दुसरा मुद्दा जास्त वजनाचा आहे: पडद्याबाहेरून धावणारा आपला स्ट्रायकर समोरच्यालाही ठिपक्यात दिसतो आणि काउंटर अटॅकची मजा जाते. खरंय. पण मग लांब बॉल टाकून पळणाऱ्यांनाच रडार का खुपतं, तेही उघड आहे.

आता तर फोनवर पडदा पुन्हा बोटभर झाला आहे. ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये उभ्याने खेळणाऱ्याचे दोन अंगठेच खालचे दोन्ही कोपरे झाकतात. ‘फिफा’ या गेमचं नाव २०२३ मध्ये बदललं, तरी मेनूत टूडी, थ्रीडी आणि बंद हे पर्याय तसेच आहेत. एकमत होत नसेल तर काही गेमिंग झोनमध्ये टॉस करतात: जिंकणाऱ्याने कॅमेरा ठरवायचा, हरणाऱ्याने रडार.