मुंबईचं पाणी, मुंबईचं ऊन

मुंबईला रोज साधारण 3,900 दशलक्ष लिटर पाणी पुरवलं जातं. तुळशी आणि विहार हे दोन तलाव शहरातच आहेत, बाकीचे पाच ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांत. तानसा-वैतरणेच्या पाण्याचा मोठा भाग उताराच्या जोरावर शहरापर्यंत येतो. तलाव उंचावर, शहर समुद्रकाठी, मधली चढण जुन्या अभियंत्यांनी जलवाहिन्या आणि बोगद्यांनी चुकवलेली. भातशाचं पाणी मात्र पिसे इथे पंपाने उचलावं लागतं. पाण्याचा आणि विजेचा हिशेब एकच आहे, हे मुंबईत इथूनच लक्षात येतं.

शहर वाढतं आहे, सात तलाव पुरत नाहीत. महापालिकेपुढे नव्या पाण्याच्या दोन मोठ्या वाटा आहेत. पहिली गारगाई धरणाची. पालघर जिल्ह्यात धरण बांधून रोज 440 दशलक्ष लिटर पाणी बोगद्याने मोडकसागर या सध्याच्या तलावात आणायचं. हे पाणी पुन्हा उतारानेच येईल, वीज फारशी लागणार नाही. पण तानसा अभयारण्यातलं जंगल बुडेल, लाखो झाडं जातील, गावं उठतील. दुसरी वाट मनोरीची, शहराच्या वायव्य किनाऱ्यावरची. समुद्राचं पाणी गोडं करून रोज 200 दशलक्ष लिटर मिळवायचं आणि पुढे ते दुप्पट करायचं. इथे झाड तुटत नाही, गाव उठत नाही; किंमत विजेत मोजावी लागते. 2020 मध्ये गारगाई बाजूला ठेवून मनोरीचा विषय पुढे आला, नंतर गारगाईही परत आलं.

खारं पाणी गोडं करायला इतकी वीज का लागते? समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. मधे बारीक पडदा लावला, की गोडं पाणी आपणहून खाऱ्याकडे जाऊ पाहतं. हा ओढा वातावरणाच्या दाबाच्या जवळपास सत्तावीस पट असतो. त्याला उलटं फिरवायचं, तर त्याहून बराच जास्त दाब द्यावा लागतो. प्रत्यक्षात साठ पटींच्या आसपास. पंप कितीही चांगला आणला आणि पडदा कितीही सुधारला, तरी निम्मं पाणी गोडं करून काढायचं तर हजार लिटरमागे सुमारे एक युनिट ही निसर्गाने आखलेली सीमा आहे. आजचे चांगले प्रकल्प तीन ते चार युनिटांवर चालतात.

साडेतीन युनिट धरले, तर 200 दशलक्ष लिटरला रोज सात लाख युनिट लागतील. देशाच्या ग्रिडमधली वीज अजून मुख्यतः कोळशाची आहे, युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड सोडणारी. म्हणजे रोज पाचशे टनांच्या जवळपास. याच महापालिकेने मार्च 2022 मध्ये वातावरण कृती आराखडा जाहीर केला आणि 2050 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट ठेवलं, देशाच्या उद्दिष्टाच्या वीस वर्षं आधीचं. त्या आराखड्यानुसार 2019 मध्ये शहराचं उत्सर्जन 2 कोटी 34 लाख टन होतं आणि त्यातलं 72 टक्के इमारती, उद्योग वगैरेंच्या ऊर्जावापरातून, प्रामुख्याने विजेतून आलेलं. तेव्हा मनोरीची वीज सौर असावी, ही मागणी अगदी रास्त आहे. पण ती लागणार किती आणि बसणार कुठे?

मुंबईत एक किलोवॉटचे सौर पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट देतात. सात लाख युनिटांसाठी 175 मेगावॉट लागतील. किलोवॉटला दहा चौरस मीटर जागा धरली, तर साडेसतरा लाख चौरस मीटर झाली. म्हणजे दादरचं शिवाजी पार्क एकाला एक लावून पंधरा वेळा मांडायचं आणि सगळं पॅनेलांनी झाकायचं. मुंबईत एवढी मोकळी जमीन नाही. जी थोडी आहे ती खारफुटीची, मिठागरांची, नाहीतर आरेची. त्यातल्या इंचालाही मी हात लावू देणार नाही.

मग गच्च्या उरतात. आयआयटी मुंबईच्या सहभागाने झालेल्या एका अभ्यासात बृहन्मुंबईतल्या गच्च्यांची क्षमता सुमारे 1.7 गिगावॉट काढली होती. शहराची कमाल मागणी चार हजार मेगावॉटच्या आसपास जाते, त्या मानाने हा आकडा मोठाच. शिवाय मे आणि ऑक्टोबरात मुंबईची मागणी दुपारी चढते, कारण कार्यालयांचे एसी तेव्हाच जोरात असतात. ऊन आणि गरज यांची वेळ इथे जुळते.

अडचण इमारतींच्या उंचीची आहे. समजा, चारशे चौरस मीटरची गच्ची आहे. पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली आणि त्यांच्या सावल्या वगळल्या तर निम्मी हाती लागते. तिथे वीस किलोवॉट बसतात, रोज ऐंशी युनिट. इमारत चार मजली आणि घरं सोळा असतील, तर घरटी पाच युनिट आले. पंखे, दिवे, फ्रिज निघून जातात. त्याच पायावर पुनर्विकासात चाळीस मजले चढले आणि घरं एकशे साठ झाली, तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धं युनिट. आणि लिफ्ट व पाण्याचे पंप त्याआधीच बरंच खाऊन जातात. सोसायट्यांना सामाईक वापरासाठी केंद्राच्या योजनेतून किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदान मिळतं, ते चांगलंच आहे. पण ज्या इमारतीच्या फाईलवर विकासकाचं नाव फिरू लागलं आहे, तिथली मंडळी पंचवीस वर्षं टिकणारी यंत्रणा आज का बसवतील? सर्वसाधारण सभेत हा विषय बहुतेक वेळा इथेच थांबतो. त्यांना दोष देता येत नाही.

म्हणून महापालिकेने स्वतःच्या छपरांपासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. शाळा, मंडया, आगारं, मलजल प्रक्रिया केंद्रं यांच्या इमारती पसरट आणि कमी मजल्यांच्या, आणि पुनर्विकासाच्या भानगडीतून बऱ्याच अंशी मोकळ्या. केईएम, नायर, शीव या रुग्णालयांचा भार तर बाह्यरुग्ण विभागामुळे दिवसाच जास्त असतो. देखभालीचा पैसा मात्र पहिल्याच अंदाजपत्रकात धरायला हवा. बांधकामांची धूळ आणि कबुतरांची विष्ठा पॅनेलवर थर धरून बसते. एका कोपऱ्यातली सावलीही अख्ख्या ओळीचं उत्पादन खाली आणते. उन्हात पॅनेल साठ अंशांपर्यंत तापतं, आणि पंचविसाच्या वर प्रत्येक अंशाला 0.3 ते 0.4 टक्के वीज घटते.

काही कामं मात्र सौर विजेच्या भरवशावर सोडता येत नाहीत. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर हाजी अली, ईर्ला, लव्हग्रोव्ह अशा ठिकाणी पावसाचं पाणी समुद्रात फेकणारी उदंचन केंद्रं उभी राहिली. भरती आली की समुद्राकडचे दरवाजे बंद होतात आणि आतलं पाणी पंपाने उपसावं लागतं. सेकंदाला सहा हजार लिटर पाणी चार मीटर उचलायचं म्हटलं, तर एका पंपाला तीनशे किलोवॉटहून जास्त वीज लागते. हे पंप चालतात नेमके तेव्हा, जेव्हा आकाश काळंकुट्ट असतं आणि पॅनेलमधून नावापुरती वीज येते. तिथे ग्रिडची भक्कम जोडणी आणि जनरेटर हवेतच. त्या पैशाला हात लावून छपरं सजवणं शहराला परवडणार नाही.

आता गळती. पुरवलेल्या पाण्यातला जवळपास एक तृतीयांश भाग गळतो, चोरीला जातो किंवा हिशेबात येत नाही. म्हणजे हजार दशलक्ष लिटरच्या वर, मनोरीच्या पाच पटींहून जास्त. यातलं सगळं परत मिळणार नाही, हे खरं. शंभर वर्षांच्या वाहिन्या रस्त्याखाली, गटारांशेजारी, केबलांच्या गुंत्यात आहेत. पाणी ठरावीक वेळीच सोडलं जातं. चावीवाला चावी फिरवतो, दाब चढतो, काही तासांनी उतरतो, आणि या चढउताराने जुने सांधे सैल होतात. पाणी बंद असताना त्याच फटीतून गटाराचं पाणी आत शिरतं. गळती शोधायला कामगार रात्री वाहतूक थांबल्यावर रस्त्यावर लोखंडी दांडी टेकवून तिच्या वरच्या टोकाला कान लावतात आणि जमिनीखालची सळसळ ऐकतात. या कामाची कोनशिला बसत नाही, उद्घाटन होत नाही. तरीही तिथे वाचलेल्या प्रत्येक हजार लिटरमागे मनोरीचे साडेतीन युनिट वाचतात आणि गारगाईच्या जंगलावरचा भारही हलका होतो. मला विचाराल तर पहिला रुपया इथे जायला हवा.

दुसरा रुपया सांडपाण्यावर. वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप आणि वेसावे इथल्या नव्या प्रक्रिया केंद्रांची एकूण क्षमता 2,464 दशलक्ष लिटर आहे. सांडपाण्यात क्षार समुद्राच्या मानाने फारच कमी, त्यामुळे पुढची शुद्धी करायला दाबही कमी लागतो आणि वीजही. बागा, बांधकामं, कार्यालयांच्या शीतयंत्रणा यांना हे पाणी पुरेल आणि पिण्याचं पाणी पिण्यासाठी उरेल.

एवढं करूनही मनोरी लागलंच, तर त्याच्या विजेसाठी मला मध्य वैतरणा धरणावरची योजना सगळ्यांत समंजस वाटते. तिथे 20 मेगावॉट जलविद्युत आणि पाण्यावर तरंगणारे 80 मेगावॉट सौर पॅनेल असा एकत्र प्रकल्प महापालिकेने आखला आहे. 80 मेगावॉटमधून दिवसाला सव्वातीन लाखांच्या आसपास युनिट मिळतील, मनोरीच्या गरजेच्या जवळपास निम्मे. खालच्या पाण्यामुळे पॅनेल थोडे थंड राहतात आणि झाकलेल्या पृष्ठभागावरचं बाष्पीभवनही घटतं. शिवाय जुलै-ऑगस्टात ऊन हरवतं तेव्हा धरण भरलेलं असतं आणि जनित्रं जोरात फिरू शकतात, मार्चपासून उलट. एकाच वाहिनीवरून दोन्ही वीज आळीपाळीने शहरात आणता येते.

हे धरण मोखाडा-शहापूरच्या डोंगरांत आहे. तिथल्या कित्येक पाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते आणि त्यांच्याच दऱ्यांत अडवलेलं पाणी मुंबईला येतं. पाचशे वस्तीच्या पाड्याला माणशी 55 लिटर द्यायचं, तर रोज साडेसत्तावीस हजार लिटर लागतील. ते दीडशे मीटर चढवायला, पंपाची घट धरूनही, दिवसाला बावीसेक युनिट पुरतात. ऐंशी हजार किलोवॉटच्या प्रकल्पातले सहा किलोवॉट एका पाड्यासाठी बाजूला काढायचे, तेही अशा महिन्यांत जेव्हा ऊन सर्वांत कडक आणि विहिरी कोरड्या असतात. ही अट प्रकल्पाच्या करारातच लिहिली जायला हवी.