लॅपटॉप दहाव्या मिनिटाला का थकतो?

दोन लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले होते. दोन्हींतला प्रोसेसर एकाच नावाचा, रॅमही तेवढीच. एक इतका सडपातळ की एका हातानं सहज उचलावा, दुसरा जाडजूड, मागच्या कडेला मोठ्या जाळ्या असलेला. दोन्हींवर एकच लांबलचक व्हिडिओ रूपांतरित करायला लावला आणि घड्याळ बघत बसलो. पहिलं मिनिटभर दोघांत डावं-उजवं करता येईना. मग पातळ लॅपटॉपचा पंखा घोंघावू लागला, कीबोर्डच्या वरची पट्टी तापली आणि कामाचा वेग पायरी पायरीनं उतरत गेला. दहाव्या मिनिटाला जाडा लॅपटॉप बराच पुढे निघून गेला होता. पातळ लॅपटॉपमध्ये काहीही बिघडलेलं नव्हतं. त्याची घडणच तशी होती.

तोपर्यंत लॅपटॉप निवडताना मी प्रोसेसरचं नाव आणि गिगाहर्ट्‌झचा आकडा बघायचो. त्या दिवसापासून मी आधी एकच प्रश्न विचारतो: यातली उष्णता बाहेर पडते कुठून? वजन, जाडी, आवाज, बॅटरी, वेग यांची सगळी ओढाताण शेवटी याच प्रश्नापाशी येते.

संगणक आत घेतलेल्या विजेचं काय करतो? पंप पाणी चढवतो, मोटार चाक फिरवते. संगणकात मात्र जाणारी जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन बाहेर येते. प्रोसेसर ४५ वॉट वीज घेत असेल, तर तो ४५ वॉटचा हीटरच आहे, आणि तोही नखाएवढ्या जागेतला. जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब आठवा. पेटलेला असताना त्याला हात लावायची सोय नसे. त्या बल्बच्या काचेचं क्षेत्रफळ शंभर चौरस सेंटिमीटरच्या वर असतं, प्रोसेसरच्या चिपचं एक-दोन चौरस सेंटिमीटर. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे चिप त्या बल्बच्या कित्येक पट उष्णता सोडत असते.

आता ही उष्णता पंख्याशिवाय किती टाकता येईल, याचा हिशेब आपल्यालाही करता येतो. लॅपटॉपचा कीबोर्डाचा भाग साधारण ३० सेंटिमीटर लांब आणि २१ सेंटिमीटर रुंद धरू, म्हणजे ०.०६३ चौरस मीटर. स्थिर हवेत एखादा तापलेला पृष्ठभाग संवहन आणि प्रारण मिळून, दर चौरस मीटरला आणि तापमानातल्या दर अंश फरकाला, ढोबळमानानं १० वॉट उष्णता सोडतो. खोलीचं तापमान २५ अंश धरा आणि पृष्ठभागाचं ४५, कारण त्यापुढे तो हाताला सोसवत नाही. फरक २० अंशांचा. गुणाकार केला की उत्तर येतं १२.६ वॉट. तळाकडून आणखी थोडी उष्णता जाते, पण तो टेबलाला टेकलेला असतो, आणि उष्णता सगळीकडे सारखी पसरतही नाही. तेव्हा हातात धरवेल एवढा तापणारा, बिनपंख्याचा लॅपटॉप सतत १५ वॉटच्या आसपासच काम करू शकतो. हा आकडा निसर्गाचा आहे. कितीही हुशार अभियंता असला तरी त्याला यात सूट मिळत नाही.

त्याहून जास्त हवं असेल तर हवा हलवावी लागते, म्हणजे पंखा आला. इथे जाडीचं महत्त्व कळतं. एकाच घडणीचे दोन पंखे सारख्याच फेऱ्यांनी फिरत असतील, तर त्यांनी ढकललेली हवा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. पंखा सगळ्या बाजूंनी निम्मा केला की हवा निम्मी होत नाही, आठवा भाग उरते. ती तूट भरून काढायला फेऱ्या वाढवाव्या लागतात, आणि फेऱ्या दुप्पट केल्या की आवाज साधारण १५ डेसिबलनं चढतो. पातळ लॅपटॉपचा पंखा रडतो त्यामागे हे साधं गणित आहे. जाड लॅपटॉपमध्ये मोठा पंखा संथ फिरतो आणि तेवढंच काम निमूटपणे उरकतो.

पण चिप असते एकीकडे आणि पंखा दुसरीकडे, कडेला. मग उष्णता तिथवर पोचते कशी? लॅपटॉपच्या पोटातली माझी सर्वांत आवडती वस्तू हीच: हीट पाइप. लॅपटॉप उघडला की काळसर किंवा तांबूस, चपटी नळी दिसते. ती भरीव तांब्याची पट्टी वाटते, पण आतून पोकळ असते. आतली हवा काढून घेतलेली असते आणि किंचितसं पाणी भरलेलं असतं. दाब कमी असल्यामुळे ते पाणी शंभर अंशांच्या खूप आधी उकळतं. चिपकडच्या टोकाला त्याची वाफ होते, वाफ थंड टोकाकडे धावते, तिथे पुन्हा पाणी होऊन पोटातली उष्णता पंख्याजवळच्या धातूच्या पातळ पट्ट्यांना देते. नळीच्या आतल्या भिंतीवर तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर असतो. तो केशाकर्षणानं पाणी परत चिपकडे ओढून आणतो, दिव्याची वात तेल ओढते तसा. फिरणारा एकही भाग नाही, आणि या सगळ्यासाठी वेगळी वीजही लागत नाही.

यात पाणी किती लागत असेल? एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,३०० ज्यूल उष्णता शोषली जाते. शाळेत शिकलेला अप्रकट उष्मा तो हाच. तेव्हा ४५ वॉट उष्णता वाहून न्यायला सेकंदाला ग्रॅमचा पन्नासावा भाग पाणी पुरतं. अडीच सेकंदांत जेमतेम एक थेंब! एवढ्या थेंबाच्या येरझारांवर आपला प्रोसेसर जिवंत असतो, हे पहिल्यांदा गणित करून पाहिलं तेव्हा मी थक्क झालो होतो. जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत हीट पाइप बनवून दाखवला. तेव्हा डोळ्यांपुढे अंतराळयानं होती, कारण गुरुत्वाकर्षण नसतानाही तो चालतो. मात्र पातळ लॅपटॉपमध्ये मावावा म्हणून त्याला जितकं चेपावं, तितकी वाफेची वाट अरुंद होते आणि त्याची क्षमता घटते. इथेही जाडीची किंमत मोजावी लागतेच.

मग पहिल्या मिनिटाला दोन्ही लॅपटॉप सारखे का धावले? कारण धातू तापायला वेळ लागतो. समजा, थंडाव्यासाठी बसवलेला तांब्याचा सगळा साज १५० ग्रॅमचा आहे. त्याचं तापमान एका अंशानं वाढवायला जवळपास ५८ ज्यूल लागतात. पंख्याच्या कुवतीपेक्षा ३० वॉट जास्त उष्णता निर्माण होत असेल, तर मिनिटभरात तो साज सुमारे ३० अंशांनी तापेल. तेवढा काळ लॅपटॉप जणू उधारीवर धावतो. प्रोसेसर बनवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून ते थोड्या वेळापुरती जादा वीज ओढायची मुभा चिपला देऊन ठेवतात. टर्बो म्हणतात ते हेच. मुदत संपली, किंवा चिप शंभर अंशांच्या आसपास पोचली, की ती स्वतःच वेग उतरवते. याला थ्रॉटलिंग म्हणतात. हा दोष नाही, चिपनं स्वतःचा जीव वाचवण्याची ती सोय आहे.

आणि वेग उतरवणं वाटतं तेवढं महाग पडत नाही. लॅपटॉपच्या घडणीतली माझ्या मते सर्वांत सुंदर गोष्ट इथे आहे. चिपला लागणारी वीज तिच्या वारंवारतेच्या, म्हणजे गिगाहर्ट्‌झमधल्या वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग वाढवायचा तर सहसा व्होल्टेजही वाढवावं लागतं. दोन्ही सारख्याच प्रमाणात बदलली, तर वीज घनाच्या प्रमाणात बदलेल. आता वेग २० टक्क्यांनी कमी करा. ०.८ चा घन होतो ०.५१२. वीज जवळपास निम्म्यावर आली! उलट बघितलं तर शेवटच्या २० टक्के वेगासाठी आपण दुप्पट उष्णता पदरात घेत असतो. व्होल्टेज एका मर्यादेखाली नेता येत नाही, त्यामुळे ही मौज खालपर्यंत टिकत नाही. पण पातळ लॅपटॉप जगू शकतो तो या सूत्राच्या बळावर.

एकेकाळी ही चिंता एवढी नव्हती. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवलं की ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधले सूक्ष्म विजेचे स्विच, लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवलं, तर तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसूनही उष्णता वाढत नाही. तीसेक वर्षं उद्योगानं हा फायदा घेतला. २००५च्या सुमारास तो आटला, कारण व्होल्टेज आणखी उतरवलं तर बंद असलेल्या ट्रान्झिस्टरमधूनही वीज झिरपत राहते. तेव्हापासून उष्णता हाच खरा अडसर आहे.

सुरुवातीच्या यंत्रांपुढचे प्रश्न वेगळे होते. १९८१ मध्ये आलेला ऑस्बोर्न १ हा संगणक ‘सोबत नेता येणारा’ म्हणून विकला गेला. वजन सुमारे ११ किलो, पडदा ५ इंचांचा, आणि आत बॅटरी नाही. पुढच्याच वर्षी ग्रिड कंपास आला. डिझायनर बिल मॉगरिज यांनी त्याला पडदा कीबोर्डवर मिटण्याची ती रचना दिली, जी आजही प्रत्येक लॅपटॉपमध्ये दिसते. त्याचं कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं होतं. नासानं तो अंतराळयानातही नेला. २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला, तेव्हा त्याचं वजन होतं १.३६ किलो. त्यानंतर सगळा उद्योग पातळपणाच्या मागे लागला. त्यातला काही हव्यास होता असं मला प्रामाणिकपणे वाटतं. एक मिलिमीटर वाचवण्यासाठी पंखा, कीबोर्डची खोली आणि बॅटरी या तिघांच्याही वाट्याला कात्री आली.

बॅटरीचा वेगळा विचार करायलाच हवा. मोठ्या लॅपटॉपची बॅटरी ९९ वॉट-तासांच्या आसपास येऊन थांबते, याचं कारण रसायनशास्त्र नाही. प्रवासी विमानात १०० वॉट-तासांपेक्षा मोठी लिथियम-आयन बॅटरी न्यायला विमान कंपनीची परवानगी लागते. आजच्या चांगल्या सेलमध्ये किलोमागे सुमारे २५० वॉट-तास ऊर्जा मावते, म्हणजे १०० वॉट-तासांना निव्वळ सेलचं वजन ४०० ग्रॅम. एवढी बॅटरी ५ वॉटचं वाचन-लेखन वीस तास चालवेल. २३० वॉट ओढणारा गेमिंग लॅपटॉप मात्र ती अर्ध्या तासाच्या आत संपवेल. शिवाय सेलमधून एकदम जास्त प्रवाह ओढला की आतल्या रोधामुळे सेलच तापतात. म्हणून असे लॅपटॉप चार्जरची पिन काढताच वेग कमी करतात.

याच ठिकाणी खरेदी करणाऱ्याची फसगत होते, आणि ते मला खटकतं. आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड टेबलावरच्या संगणकात ४५० वॉटपर्यंत वीज घेतं. लॅपटॉपमध्येही याच नावाचं कार्ड मिळतं, पण त्याला लॅपटॉप बनवणारा आपल्या कवचाच्या कुवतीप्रमाणे साधारण ८० ते १५० वॉट देतो. आतली चिपही वेगळी, लहान असते. ८० वॉटचं आणि १५० वॉटचं, दोन्हींच्या खोक्यावर नाव एकच. ग्राफिक्स कार्डाचे वॉट किती, हे विचारल्याशिवाय त्या नावाला अर्थ नाही.

या कोंडीतून वाट काढायची तर प्रत्येक वॉटमागे जास्त काम करून घ्यावं लागतं. नोव्हेंबर २०२० मध्ये अॅपलनं एम१ चिप आणली, तेव्हा कुणी मुद्दाम मांडावा असा प्रयोग आयताच जगासमोर आला. मॅकबुक एअरमध्ये ही चिप बिनपंख्याची होती, १३ इंची मॅकबुक प्रोमध्ये तीच चिप पंख्यासह. छोट्या कामांत दोघांत फरक जाणवत नसे. काम लांबलं की प्रो पुढे जाई. तरीही बिनपंख्याचा एअर अनेक जाडजूड लॅपटॉपना भारी पडला. हलक्या कामांसाठी वेगळे, कमी वीज खाणारे गाभे (म्हणजे चिपमधले कोअर) आणि चिपला अगदी खेटून बसवलेली रॅम, ही त्यामागची दोन कारणं. माहिती लांबून आणायलाही ऊर्जा लागते, त्यामुळे रॅम जितकी जवळ तितकी बचत. या बचतीच्या बदल्यात रॅम नंतर वाढवण्याची सोय मात्र गेली, आणि माझ्या मते हा मोठा तोटा आहे, कारण रॅम अपुरी पडली म्हणून चांगला चालणारा लॅपटॉप टाकून द्यावा लागतो. डिसेंबर २०२३ मध्ये कॅम२ नावाचं नवं मानक जाहीर झालं. त्यात स्क्रूनं बसवायची, काढता येणारी आणि तरीही चपटी रॅम आहे. ते रुजावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आपल्या कामाला काय हवं, ते कामाच्या लांबीवरून कळतं. पान उघडणं, पत्र लिहिणं, एखादा फोटो सुधारणं ही कामं काही सेकंदांची. पातळ लॅपटॉप ती उधारीतच उरकतो आणि मधल्या निवांतपणात थंड होतो. व्हिडिओ, त्रिमितीय चित्रं, मोठे गेम, तासभर चालणारी आकडेमोड यांना मात्र धातू, हवा आणि जागा लागते. चाचण्यांचे निकाल वाचताना पहिल्या फेरीचा आकडा सोडून द्या आणि अर्धा तास सलग ताण दिल्यानंतरचा आकडा शोधा.

माझ्या त्या पातळ लॅपटॉपवर मी तोच व्हिडिओ पुन्हा लावला. या वेळी मागच्या कडेखाली दोन पुस्तकं सरकवली होती, कारण त्याचा पंखा तळाच्या फटींतून हवा ओढतो. जाड्याला त्यानं गाठलं नाही, पण वेग आधीपेक्षा उशिरा उतरला आणि कमी उतरला.